कारण: सरबत

जिन्याखालच्या त्या दुकानावर पाटी होती 'रेडिओ, टीव्ही व इतर'. त्यातले रेडिओ कधीच संपले होते, टीव्ही पातळ होऊन भिंतींना चिकटले होते, आणि उरलं होतं ते 'व इतर'. या 'व इतर'वर मामा आणि मामी यांचं बरं चाललं होतं.

मामांचं खरं नाव आसपासच्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना कारणमामा म्हणत. याचं कारण म्हणजे त्यांची चिठ्ठी. वस्तू दुरुस्त झाली की मामा तिच्या वायरीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधायचे. वर 'कारण' एवढाच शब्द, दोन टिंबं, आणि पुढे जे असेल ते. 'कारण: झुरळ, मृत, एक.' 'कारण: काही बिघडलेलं नव्हतं, मागचं बटण बंद होतं.' 'कारण: मालकाने स्वतः उघडून बघितला.' दुरुस्ती काय, कोणीही करील, पण वस्तू का बिघडली हे कळलं नाही तर ती दुरुस्ती नव्हे, नशीब, असं मामांचं म्हणणं होतं. लोकांचं म्हणणं असं होतं की वस्तू चालू झाली ना, मग कशाला खोलात शिरायचं. कोपऱ्यावरच्या शिंप्याचा रेडिओ फळीवरून आपोआप पडला होता असं शिंपी सांगत होता. न्यायला बायको आली आणि तिने चिठ्ठी वाचली, 'कारण: जोरात फेकला.' त्या घरात आठवडाभर कोणी कोणाशी बोललं नाही, आणि शिंपी तर मामांशी पुढे वर्षभर बोलला नाही. मामी गल्ल्यावर बसून काही चिठ्ठ्या गुपचूप सोडून घ्यायची. मामांच्या लक्षात आलं की ते गिऱ्हाइकाच्या मागे रस्त्यापर्यंत धावत जाऊन चिठ्ठी हातात ठेवून येत.

पण एक होतं. चौतीस वर्षांत मामांची एकही चिठ्ठी खोटी निघाली नव्हती. घाई करणाऱ्याला ते "थांबा जरा" म्हणायचे आणि मग तासभर काही बोलायचेच नाहीत. आधी वस्तूचा वास घ्यायचे. मग मालकाला प्रश्न विचारायचे, शेवटची कधी चालली, त्या वेळी खोलीत कोण होतं, कोणी काय हलवलं. पोलिसांत असते तर कुठल्या कुठे गेले असते, असं मामी म्हणायची. म्हणजे बदली होऊन, असं तिला म्हणायचं असे.

तर अशा या माणसाच्या दुकानात एका सोमवारी सकाळी समोरच्या रस्त्यावरची दातांची डॉक्टर हातात पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आली, आणि मामांनी उजवा गाल हाताने झाकला.

त्याचं असं होतं की तीन आठवडे मामांची उजवी दाढ ठणकत होती. दवाखाना समोरच्याच रस्त्याला, म्हणून मामा घरी जाताना मागच्या गल्लीने जात. बाई पन्नाशीच्या पुढच्या, उंच, आवाज करडा. त्यांच्या खुर्चीत भलेभले गप्प होतात, आणि ते फक्त तोंडात हत्यार असतं म्हणून नव्हे.

डॉक्टरबाईंनी खोकं उघडून एक काळं यंत्र टेबलावर ठेवलं. वहीपेक्षा थोडं मोठं, वर राखाडी रबरी बटणं. मामांनी ओळखलं. चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी एखाद्याच हौशी घरात हा कॉम्प्युटर असायचा, घरच्या टीव्हीला जोडून चालणारा. सोबत खोक्यात दोन कॅसेटी, एक वायर आणि भिंतीत खोचायचा काळा ठोकळा, म्हणजे अडॅप्टर.

"दुरुस्त करायचा?" मामांनी डाव्या गालाने विचारलं.

"नाही. चालू झाला नाही तरी चालेल. मला फक्त कारण हवंय. तुम्ही लिहून देता ना?"

चौतीस वर्षांत कारण मागायला आलेलं हे पहिलं गिऱ्हाईक. मामी गल्ल्यावरून उठून बघायला आली.

मग डॉक्टरबाईंनी सांगितलं ते असं. त्या नऊ वर्षांच्या असताना हा कॉम्प्युटर घरात आला. वडील परीक्षांचे पेपर तपासणारे, शिस्तीचे. चौथ्याच दिवशी यांच्या हातून लिंबाच्या सरबताचा पेला बटणांवर उलटा झाला. वडिलांनी तो तीन दिवस उन्हात वाळवला, पुन्हा जोडला, तर बंद. तेव्हापासून घरात यांचं नाव 'सांडू'. धाकट्या भावाने ते शाळेत नेलं. लग्नात वडिलांनी जावयाला सगळ्यांदेखत सांगितलं, हिच्या हातात काही भरलेलं देऊ नका. आता वडील शहाऐंशीचे, या एक्कावन्नच्या, तरी बापाच्या घरी चहा मिळतो तो अर्धा कप.

"मी रोज लोकांच्या दाढांच्या मुळाशी सुई घालते मामा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "केसाएवढासुद्धा हात हलत नाही माझा. आणि तिथे मला अर्धा कप. गेल्या आठवड्यात घर रंगवायला काढलं तेव्हा माळ्यावर हे खोकं सापडलं. मी बाबांना सांगून आले आहे, एकदा काय तो निकाल घेऊन येते. माझ्याविरुद्ध लागला तर पुन्हा तोंड उघडणार नाही. पण लेखी पाहिजे."

अशा वेळी एरवी मामांनी "थांबा जरा" म्हटलं असतं आणि बाईंना गुरुवारी बोलावलं असतं. पण डॉक्टरबाई बोलायच्या थांबल्या होत्या आणि मामांच्या गालाकडे बघत होत्या.

"उजवीकडे सूज आहे. कधीपासून?"

"नाही, ते असंच," मामा म्हणाले आणि घाईघाईने पेचकस घेतला.

"तोंड उघडा बघू."

मामांनी तोंडाऐवजी कॉम्प्युटर उघडला. पाच स्क्रू, झाकण वर. बटणांच्या पट्टीखाली बेचाळीस वर्षांपूर्वीचं सरबत पिवळट पापुद्रा होऊन बसलं होतं, अजून साखर चमकत होती त्यात. मुंग्यांनीसुद्धा टाकून दिलं होतं ते.

"सरबतच," मामा म्हणाले, आणि उभ्या उभ्या चिठ्ठी लिहून त्यांनी पुढे केली. वास घेतला नाही, प्रश्न विचारले नाहीत. बाई लवकरात लवकर दुकानातून जाव्यात यापलीकडे त्या क्षणी त्यांच्या डोक्यात काही नव्हतं.

डॉक्टरबाईंनी चिठ्ठी वाचली. त्यांचा चेहरा पडला, पण आवाज तसाच राहिला. "ठीक आहे. यंत्र तुम्हीच ठेवा, मला नको." दारातून वळून म्हणाल्या, "आणि ती दाढ ठेवण्यासारखी राहिलेली नाही," आणि गेल्या.

"आज 'थांबा जरा' नाही म्हणालात?" मामीने विचारलं. मामांनी यंत्र उचलून वरच्या फळीवर ठेवलं.

मंगळवारचा दिवस मामांनी त्या यंत्राकडे न बघता काढला. बुधवारी राहवलं नाही. बटणांची पट्टी काढून त्यांनी कोमट पाण्याने धुतली, पुसली, कोरडी केली. सरबताचा मागमूस ठेवला नाही. दुकानातला जुना टीव्ही जोडला, स्वतःच्या टेबलावरची वीज जोडली आणि बटण दाबलं. पडद्यावर नुसते करडे ठिपके.

मामा मागे टेकून बसले. कारण काढून टाकलं की बिघाड जायला हवा, हे ते सगळ्यांना ऐकवत आले होते. इथे कारण नुकतंच वाहून गेलं होतं आणि बिघाड जागच्या जागी होता.

"थांबा जरा," ते स्वतःलाच म्हणाले.

मग मात्र त्यांनी रीतसर सुरुवात केली. यंत्राला नाक लावून वास घेतला. लिंबाचा नव्हता. जळक्याचा होता, अगदी पुसट. बटणांच्या खालची मुख्य सर्किटची पाटी काढून त्यांनी दिव्याखाली धरली. पाटी स्वच्छ. सरबताचा एक थेंब तिच्यापर्यंत पोचला नव्हता, सगळं वरच्या प्लास्टिकने अडवलं होतं. मीटर लावून एकेक जागा बघत गेले तेव्हा एका कोपऱ्यात वाटाण्याएवढा एक भाग जळलेला निघाला. त्याच्यामुळे मेमरीच्या आठ चकत्यांपैकी, म्हणजे चिपांपैकी, दोन गेल्या होत्या. हा भाग ओला झाला म्हणून जळत नाही. वीज उलटी आली तर जळतो, तीही एका क्षणात.

मामांनी खोक्यातला अडॅप्टर काढला, भिंतीत खोचला आणि टोकाला काट्याचा जुना मीटर लावला. काटा डावीकडे जाऊन खुंटीवर आपटला. उणे. जिथे अधिक हवं तिथे उणे आणि उण्याच्या जागी अधिक. मग ठोकळ्याच्या पोटावरची बारीक अक्षरं त्यांनी भिंगातून वाचली. हा अडॅप्टर कॉम्प्युटरचा नव्हताच. तो टेपरेकॉर्डरचा होता. रंग तोच, आकार तोच, टोकही तसंच बसणारं, फक्त आतून उलटा.

"काय झालं?" मामीने विचारलं, कारण मामा पांढरे पडले होते.

"चिठ्ठी चुकली."

मामी जवळच्या स्टुलावर बसली. चौतीस वर्षांत हे दोन शब्द तिने त्यांच्या तोंडून एकत्र ऐकले नव्हते. मग म्हणाली, "तिला सांगायला जावं लागेल."

"हो."

"म्हणजे दवाखान्यात."

"मला कळतंय ना दवाखान्यात ते," मामा म्हणाले.

गुरुवारी सकाळी मामा नाक मुठीत धरून दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसले. त्यांचा बेत असा होता की दारातच चिठ्ठी द्यायची आणि पाय काढता घ्यायचा. पण तिथल्या नर्सला बेत वगैरे काही माहीत नव्हतं. तिने त्यांना दंडाला धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं, खुर्ची आडवी केली आणि गळ्याभोवती कागदी रुमाल बांधला. मामांनी तोंड उघडलं ते "अहो, मी त्यासाठी नाही आलो" म्हणायला, आणि उघडल्या तोंडात डॉक्टरबाईंचा आरसा गेला.

"आलात शेवटी. मी म्हटलंच होतं, ही काढावी लागेल."

"आँ आँ," मामा म्हणाले.

"बोलू नका. तुमची चिठ्ठी चांगली गाजली हं मामा. बाबांनी चष्मा लावून दोनदा मोठ्याने वाचली. मग भावाला फोन लावून त्यालाही वाचून दाखवली. 'लेखी आलं शेवटी,' म्हणाले. आता ती टेबलाच्या काचेखाली लावली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून." हे सांगताना त्यांचा हात स्थिर होता, डोळे मात्र मामांच्या दाढेकडे बघत नव्हते. "अर्धा कप चालला असता मला आयुष्यभर. पण मला वाटत होतं, नसेल मी बिघडवला. उगाच वाटत होतं."

मामांनी डोळे मिटले. मग खिशातून नवी चिठ्ठी काढली आणि आडव्या खुर्चीतून हात सरळ वर केला.

डॉक्टरबाईंनी वाचलं. 'कारण: टेपरेकॉर्डरचा अडॅप्टर लावला, वीज उलटी गेली. सरबताचा काही संबंध नाही. आधीची चिठ्ठी रद्द. माझी चूक.'

नर्सने विचारलं, "बाई, सुई देऊ?" बाईंनी आरसा बाहेर काढला होता आणि त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

"सरबत सांडल्यावर," मामांनी हळूच विचारलं, "पुन्हा जोडला कोणी?"

"आम्हाला हात लावायला बंदी होती," डॉक्टरबाई वळल्या. "बाबांनीच. रविवारी घरी या मामा. तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर माझंच सोयीचं सांगते म्हणतील."

"येतो," मामा म्हणाले, आणि उठायला लागले.

"कुठे निघालात? दाढ राहिली."

रविवारपर्यंत मामांनी वाटाण्याएवढा भाग आणि दोन चकत्या नव्या घातल्या. उजवा गाल आता रिकामा आणि शांत होता. मामी म्हणाली, मी पण येते. चिठ्ठी चुकल्याचं मामा चारचौघांत कबूल करणार होते, आणि ते बघायचं सोडून ती घरी बसणं शक्यच नव्हतं.

वडिलांच्या बैठकीत सगळ्या वस्तू काटकोनात होत्या. वडीलही खुर्चीत काटकोनात बसले होते. टेबलाच्या काचेखाली मामांची चिठ्ठी होती, बरोबर मधोमध. डॉक्टरबाई खिडकीशी उभ्या राहिल्या.

मामांनी काही न बोलता सोबत आणलेला छोटा जुना टीव्ही टेबलावर ठेवला, यंत्र जोडलं, दुकानातून आणलेला योग्य अडॅप्टर लावला आणि बटण दाबलं. पडदा काळा झाला, मग पांढरा, आणि खाली एक ओळ उमटली. मामांनी दोन-चार बटणं दाबली तशी अक्षरं आली. यंत्र नऊ वर्षांच्या मुलीने सोडलं तिथून उठल्यागत कामाला लागलं.

"मी चुकलो साहेब," मामा म्हणाले. "सरबताने याला काही झालं नव्हतं. वाळवल्यावर योग्य अडॅप्टरला जोडला असतात तर हा सुरू झाला असता. मी न तपासता लिहिलं. ती चिठ्ठी परत द्या, ही घ्या."

वडिलांनी नवी चिठ्ठी घेतली. चष्मा लावला. एकदा वाचली, मोठ्याने नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल खुणा केलेला तो माणूस बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. मामी मामांच्या मागे उभी होती. तिलाही आता मजा वाटत नव्हती.

"मला माहीत होतं," वडील म्हणाले.

डॉक्टरबाईंनी खिडकीचा गज धरला.

"तेव्हा नाही. आठ-दहा दिवसांनी. टेपरेकॉर्डर लावायला गेलो तर चालेना. त्याच्या खोक्यात कॉम्प्युटरचा अडॅप्टर होता. तेव्हा डोक्यात उजेड पडला." त्यांनी चष्मा काढला. "हिला तोवर दोन थपडा देऊन झाल्या होत्या. नाव पाडून झालं होतं. त्या चुकीच्या अडॅप्टरसकट हे खोकं मीच बांधून माळ्यावर टाकलं. म्हटलं, सांगू दोन दिवसांनी. मग राहिलं. मग वर्ष झालं. मग ती कॉलेजात गेली, लग्न झालं, आता काय उकरून काढायचं म्हटलं. आणि तुमची ती सरबताची चिठ्ठी आली ना, तेव्हा मला वाटलं, चला, माझंच तेव्हा चुकलं असेल. सरबतच असेल. किती बरं वाटलं मला. चार दिवस झोप लागली हो चांगली."

मामांना वाटलं, आपण इथे नसतो तर बरं. पण टीव्हीची वायर त्यांच्या पायाखाली होती आणि हलायची सोय नव्हती.

"मग निदान नावाने तरी हाक मारायची," डॉक्टरबाई म्हणाल्या. दवाखान्यातला आवाज आता कुठेच नव्हता. "सांगायचं नव्हतं तर नका सांगू. पण सांडू कशाला म्हणत राहिलात?"

"नऊ वर्षांच्या पोरीची माफी कशी मागतात ते मला येत नव्हतं."

"आता एक्कावन्नची आहे. आता मागा."

वडील खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागले. शहाऐंशी वर्षांच्या गुडघ्यांना त्याला वेळ लागला, आणि मुलगी मदतीला आली नाही. नीट उभे राहिल्यावर ते म्हणाले, "चुकलो, बाळ."

डॉक्टरबाईंनी डोळे पुसले. मग पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि फोन टेबलावर ठेवला. पलीकडून भावाचा आवाज आला, "काय गं सांडू?"

"परत म्हणा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सगळं. पहिल्यापासून."

वडिलांनी सगळं सांगितलं, उभ्यानेच. सरबत, ऊन, अडॅप्टर, टेपरेकॉर्डर, माळा. मध्ये कुठे काही गाळलं नाही. सांगून झाल्यावर पलीकडे इतका वेळ शांतता होती की मामांना वाटलं लाइन गेली, आणि सवयीने त्यांचा हात फोनकडे गेला.

"बाबा," भाऊ शेवटी म्हणाला. आवाज पन्नाशीच्या माणसाचा राहिला नव्हता. "मग ते आजोबांचं घड्याळ? ते नक्की मीच मोडलं होतं ना?"

वडील सावकाश खाली बसले. त्यांनी फोनकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, आणि मग मामांकडे.

"तुम्ही," त्यांनी विचारलं, "घड्याळं बघता का हो?"